आजार मेंदूत, मग रक्तातल्या पेशी का बदलतात?

वैनगंगा

माझ्या चुलतभावाचा नऊ वर्षांचा मुलगा जपानी मेंदूज्वराने नागपूरच्या एका रुग्णालयात दाखल होता. आता धोका टळला आहे, घरी आला आहे. उजवा हात अजून नीट चालत नाही, फिजिओथेरपी सुरू आहे. तो घरी आल्यामुळेच आता हे शांतपणे विचारता येतंय.

त्याच्या फाइलमधले दोन रिपोर्ट माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन्ही एकाच दिवशीचे. रक्तात पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट फक्त ८ टक्के. पाठीतून काढलेल्या पाण्यात मात्र ६५ पेशी, आणि त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. जिवाणू असेल तर न्यूट्रोफिल वाढतात, विषाणू असेल तर लिम्फोसाइट, असं आम्ही मुलांना सांगतो. इथे आजार नक्की विषाणूचा, पाण्यातली आयजीएम (ताज्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह आली होती. मग रक्त वेगळंच का सांगतंय?

दुसरी गोष्ट. आठवडाभरात त्याला न्यूमोनिया झाला. घरातले म्हणतात, वॉर्डातला संसर्ग लागला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आली की अंगाची प्रतिकारशक्तीही खाली जाते. राउंडची घाई होती, पुढे विचारायला जमलं नाही. हे खरं आहे का? मेंदू कवटीत बंद असतो, त्याच्या आणि रक्ताच्या मध्ये पडदा असतो. तिथे बसून तो रक्तातल्या पेशींचं काय करू शकतो?

अबोली

मुलगा घरी आला हे सगळ्यात महत्त्वाचं. हाताची ताकद येईल, लहान मुलं फार भरभर सावरतात. उत्तरं वाचायला मीही थांबले आहे.

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजीत आहे, असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून लिहिते.

सर, आधी टक्के बाजूला ठेवा आणि आकडा काढा. १४,२०० चे ८ टक्के म्हणजे १,१३६. या वयाच्या मुलात एका मायक्रोलिटर रक्तात लिम्फोसाइट दीड हजाराच्या वर हवेत. म्हणजे न्यूट्रोफिल वाढल्यामुळे लिम्फोसाइटचा नुसता टक्का घसरला, एवढंच इथे घडलेलं नाही. ते खरोखर कमी झाले आहेत. पुष्कळ घरांत लोक टक्के पाहून घाबरतात किंवा टक्के पाहून निर्धास्त होतात, दोन्ही वेळा फसगत होते.

जिवाणू-विषाणूचा तो नियम काही आजारांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. डेंग्यूत सुरुवातीला पांढऱ्या पेशी एकूणच घसरतात. जपानी मेंदूज्वरात पहिल्या काही दिवसांत रक्तात न्यूट्रोफिल वाढलेले दिसणं नेहमीचं आहे, आणि त्याच वेळी पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट दिसणंही. तुमचे दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत.

दोन प्रश्न : रक्त घेण्याआधी झटके आले होते का? स्टेरॉइड दिलं होतं का?

वैनगंगा

झटके आले होते, गावाहून नागपूरला नेतानाच. स्टेरॉइड नाही दिलं.

सूक्ष्मदर्शी

मग न्यूट्रोफिलचा एक भाग झटक्याच्या खाती टाका. रक्तवाहिन्यांमधले जवळपास निम्मे न्यूट्रोफिल आतल्या भिंतीला चिकटून असतात, ते सुईत येतच नाहीत. ॲड्रिनलिन उसळलं की ते सुटून प्रवाहात येतात आणि काउंट चढतो. एकही नवी पेशी तयार झालेली नसते. लिम्फोसाइट का घटले, याचं उत्तर मात्र यात नाही.

तिखटमीठ

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट असाही वाचतात हे आज कळलं. खुर्ची टाकून बसलो आहे.

अबोली

@सूक्ष्मदर्शी, मला वाटलं ते सरळ आहे. लढाई मेंदूत आहे, म्हणून लिम्फोसाइट रक्तातून तिकडे गेले. रक्तात कमी, पाण्यात जास्त. नाही का?

सूक्ष्मदर्शी

पुष्कळांना तसंच वाटतं, पण हिशोब जुळत नाही. करून पाहू या.

मेंदू-मणक्यातलं पाणी साधारण १२० मिलिलिटर धरा. एका मायक्रोलिटरला ६५ पेशी, म्हणजे सगळ्या पाण्यात मिळून सुमारे ७८ लाख. आता रक्त. नऊ वर्षांच्या मुलात अंदाजे दोन लिटर. १,१३६ च्या हिशोबाने त्यात सुमारे २२७ कोटी लिम्फोसाइट उरले आहेत. एरवी अडीच हजार असते तर ५०० कोटी असते. म्हणजे रक्तातून पावणेतीनशे कोटी नाहीसे झाले आणि पाण्यात ७८ लाख सापडले. खुद्द मेंदूच्या उतीत आणखी शिरलेले असतात, ते धरले तरी ही दरी भरत नाही.

थोडे मेंदूत गेले. बाकीचे कुठे गेले, हे रक्ताच्या रिपोर्टवरून मला सांगता येत नाही. इथे कुणी इम्युनॉलॉजीवालं असेल तर लिहा.

राईनकाठ

आहे. जर्मनीत याच क्षेत्रात काम करतो. नागपूरकडचाच आहे, म्हणून धागा लगेच उघडला.

सर, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. मेंदू कवटीत असला तरी त्याच्या नसा आणि त्याने सोडायला लावलेली संप्रेरकं सगळ्या अंगात पोचतात. रक्तातल्या पेशींवर तो मुख्यतः तीन वाटांनी चालतो.

पहिली वाट कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची. मेंदूत सूज आली की तिथल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असे दाहाचा निरोप देणारे रेणू सोडतात. हायपोथॅलॅमसला ते कळतं, तो पिट्युटरीला उठवतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना. कॉर्टिसॉल वाढतं. त्याने लिम्फोसाइट रक्त सोडून अस्थिमज्जेत जाऊन बसतात, काही मरतातही. न्यूट्रोफिलच्या बाबतीत हेच कॉर्टिसॉल उलटं वागतं : ते अस्थिमज्जेतून बाहेर येतात, भिंतीवरून सुटतात आणि जास्त काळ जगतात. तुमच्या रिपोर्टमधली ८४ आणि ८ ही जोडी अशीच तयार होते.

दुसरी वाट सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी जाग्या होणाऱ्या नसांची. पानथरीत (प्लीहेत) आणि अस्थिमज्जेत या नसांची टोकं थेट पोचलेली असतात आणि तिथे नॉरॲड्रिनलिन सोडतात. लिम्फोसाइटवर ते ओळखणारे बीटा-२ रिसेप्टर असतात. संदेश मिळाला की लिम्फोसाइट लसिकाग्रंथींतून बाहेर पडायला नाखूष होतात.

तिसरी व्हेगस, मेंदूतून छातीपोटात उतरणारी नस. २००० मध्ये केव्हिन ट्रेसी यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने उंदरांच्या मोठ्या जातीत दाखवलं, की व्हेगसला विजेची चेतना दिली तर जिवाणूंच्या विषाने वाढणारं टीएनएफ कमी होतं. म्हणजे मेंदूला दाह आवरायची नसही आहे.

आता सूक्ष्मदर्शींचा प्रश्न, लिम्फोसाइट गेले कुठे, हा. रक्तातला काउंट म्हणजे समृद्धीच्या कडेला उभं राहून एसटीच्या गाड्या मोजण्यासारखं आहे. रस्त्यावर गाड्या कमी दिसल्या तर महामंडळाकडे गाड्याच नाहीत असं होत नाही, त्या डेपोत उभ्या असू शकतात. शरीरातल्या सगळ्या लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात साधारण २ टक्केच असतात. बाकीचे लसिकाग्रंथी, पानथरी, अस्थिमज्जा, आतडी इथे. त्यामुळे मेंदूच्या इशाऱ्याने थोडी हलवाहलव झाली तरी रक्तात मोठा खड्डा दिसतो.

तिखटमीठ

@राईनकाठ, यापुढे फाट्यावर ताटकळताना मी हाच विचार करणार. __/\__

चालतेबोलते

राईनकाठ म्हणतात ते मी माझ्या रक्तात पाहिलं आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात आपलेच लिम्फोसाइट मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरून नसांवरचं मायलिनचं आवरण खातात.

मी फिंगोलिमॉड घेते. हे औषध लिम्फोसाइट मारत नाही, लसिकाग्रंथींतून बाहेर पडायचं दारच त्यांना सापडेनासं करतं. माझा काउंट पाव हिश्श्यावर आला तेव्हा घरच्या डॉक्टरांना काळजी वाटली, न्यूरॉलॉजिस्टना मात्र तेच अपेक्षित होतं. माझ्या एका मैत्रिणीला नॅटॅलिझुमॅब होतं. ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चिकटायला लागणारा लिम्फोसाइटवरचा हात झाकतं. पेशी मेंदूत शिरू शकत नाहीत, रक्तातच फिरत राहतात, म्हणून तिचा काउंट वाढला. आजार एक, हेतू एक, आणि रक्तातले आकडे परस्परविरुद्ध. आम्ही दोघी रिपोर्ट शेजारी ठेवून बघायचो.

आणि मेंदूत लिम्फोसाइट अजिबातच जाऊ द्यायचे नाहीत, हेही धोक्याचं. नॅटॅलिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत आलं आणि २००५ मध्ये मागे घेतलं गेलं, कारण काही रुग्णांत एरवी गुपचूप बसलेला जेसी विषाणू मेंदूत मोकाट सुटला. २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर परत आलं. मेंदूत गस्त घालणाऱ्या त्या मूठभर पेशींची किंमत मला तेव्हा कळली.

तर्कट

वाचायला छान आहे, पण एक मूलभूत शंका. या मुलाच्या अंगात विषाणू होता, ताप होता, उलट्या, उपासमार, झटके, औषधं. यातल्या प्रत्येकाने लिम्फोसाइट घटू शकतात. साध्या फ्लूमध्येही घटतात. मग श्रेय मेंदूच्या सुजेला कशावरून? "मेंदूने केलं" म्हणायचं तर मेंदूचा वाटा वेगळा काढून दाखवायला हवा.

राईनकाठ

@तर्कट, हा प्रश्न योग्यच आहे आणि संशोधकांनीही तो तसाच घेतला. उपाय असा : ज्यात जंतू नाही, फक्त मेंदूला इजा आहे, असे आजार बघायचे.

पक्षाघात घ्या. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते, संसर्ग नसतो. तरी मोठ्या पक्षाघातानंतर काही तासांत रक्तातले लिम्फोसाइट घसरायला लागतात. २००३ मध्ये बर्लिनच्या गटाने उंदरांवर केलेलं काम आमच्याकडे आजही शिकवतात. पक्षाघात घडवलेल्या उंदरांना आपोआप न्यूमोनिया होत होता आणि जिवाणू रक्तात उतरत होते. सिंपथेटिक नसांचा संदेश अडवणारं प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर संसर्ग टळले. जंतू तेच, पिंजरा तोच, बदललं काय तर मेंदूकडून येणारा निरोप.

दुसरं उदाहरण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीचं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने पाहिलं, की या रुग्णांच्या रक्तात टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) फार कमी असतात, उपचार सुरू व्हायच्या आधीपासून, म्हणजे स्टेरॉइड किंवा केमोचा दोष नाही. पानथरीही आक्रसलेली. हरवलेल्या टी-पेशी सापडल्या अस्थिमज्जेत, अडकून पडलेल्या. त्यांच्या पृष्ठभागावरचा एस-१-पी-१ हा रिसेप्टर नाहीसा झाला होता, आणि त्याच्याशिवाय बाहेरची वाट सापडत नाही. @चालतेबोलते, तुमचं फिंगोलिमॉड नेमकं हाच रिसेप्टर काढून घेतं. गंमत म्हणजे स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या गाठीच्या पेशी उंदराच्या मेंदूत वाढवल्या तरी हेच झालं. गाठ कोणती यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व.

तर्कट

गाठीचं उदाहरण पटलं. पण जपानी मेंदूज्वरात विषाणूचा वाटा आणि मेंदूचा वाटा किती किती, हे या दोन्हींतून निघत नाही. "मेंदूचाही हात आहे" इथपर्यंत सहमत, त्यापुढे नाही.

राईनकाठ

मलाही तेवढंच म्हणायचं आहे. एका मुलाच्या एका रिपोर्टवरून वाटे पाडता येत नाहीत.

गोदाकाठ

एवढा शास्त्रार्थ झाला, आता उपाय बोला. प्रतिकारशक्ती खाली गेली असेल तर गुळवेलीचा काढा सुरू करा सर. आमच्या घरात कोविडपासून चालू आहे, सर्दी-खोकला नाही.

सूक्ष्मदर्शी

@गोदाकाठ, मनापासून लिहिलंय हे दिसतं, पण मी स्पष्टपणे नको म्हणेन. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला, हे खरं. पण हा मुलगा झटक्याच्या औषधांवर आहे, आणि त्यातली पुष्कळ औषधं यकृतातूनच जातात. त्यात आणखी भर नको.

आणि प्रतिकारशक्ती वाढवणं हे प्रत्येक वेळी चांगलंच असतं असं नाही. मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या मेंदूज्वरात आपल्याच प्रतिपिंडांनी मेंदू बिघडतो. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो ओळखून दिला. चांगली धडधाकट तरुण मुलगी अचानक भ्रमिष्टासारखी बोलायला लागते, लोक आधी बाहेरची बाधा किंवा मानसिक आजार समजतात. तिथे उपचार प्रतिकारशक्ती दाबण्याचा असतो : स्टेरॉइड, प्लाझ्मा बदलणं, रिटक्सिमॅब. रिटक्सिमॅबनंतर आम्ही रक्तातल्या बी-पेशी (प्रतिपिंडांमागचे लिम्फोसाइट) मोजतो आणि त्या शून्याजवळ गेल्या की औषध लागू पडतंय असं समजतो.

गोदाकाठ

आमच्या घरात कुणाला त्रास झाला नाही एवढंच सांगत होतो. पण मूल औषधांवर आहे हा मुद्दा मान्य. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

हिरवाचाफा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते. २०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे गिया बारेची लाट आली होती, शेजारचे काका व्हेंटिलेटरवर होते. तो पण मेंदूचाच दाह ना? त्यांनाही न्यूमोनिया झाला होता.

सूक्ष्मदर्शी

नाही ताई. गिया बारेत मेंदू शाबूत असतो, बाहेरच्या नसा सापडतात, म्हणून रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो पण हातपाय हलत नाहीत. पाठीतल्या पाण्यात प्रोटीन वाढतं, पेशी मात्र फारशा नसतात. बहुधा पोटाच्या कॅम्पिलोबॅक्टर संसर्गानंतर तयार झालेले प्रतिपिंड चुकून नसांवर जातात. न्यूमोनियाचं कारणही तिथे मुख्यतः वेगळं : श्वासाचे आणि गिळायचे स्नायू दुबळे होतात, नळी घातलेली असते. काका आता कसे आहेत?

हिरवाचाफा

काठी घेऊन फिरायला जातात. बोलणं पूर्वीसारखंच चालू आहे. :)

शुभ्रा

न्यूमोनियाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मेंदूच्या आयसीयूत नर्स आहे.

सर, तुमच्या घरच्यांचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही म्हणणं थोडं थोडं खरं असू शकतं. पण तिसरं कारण आम्ही रोज पाहतो, ते म्हणजे गिळणं. मेंदू सुजला की शुद्ध मंदावते, घशाचे स्नायू वेळेवर हलत नाहीत, खोकल्याची उबळ येत नाही. तोंडातली लाळ, दुधाचा घोट, उलटीतलं थोडंसं फुप्फुसात उतरतं. ते जंतू बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातलेच असतात. एरवी आपण झोपेत थोडी लाळ आत घेतो आणि फुप्फुसातल्या पेशी ती निस्तरतात. इथे वरून जंतू जास्त उतरतात आणि त्याच काळात पेशींचं बळ कमी झालेलं असतं. दोन्ही एकत्र आलं की न्यूमोनिया.

म्हणून आम्ही नातेवाइकांना जीव तोडून सांगतो, की डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करेपर्यंत तोंडाने काही देऊ नका. आई ऐकत नाही. पोर चार दिवसांचं उपाशी दिसतं, ती चमच्याने पेज भरवते. तिचा जीव तुटतो हे मला कळतं, पण तोच चमचा घात करतो. डोक्याकडची बाजू उंच ठेवा. दिवसातून दोनतीन वेळा तोंड स्वच्छ करा, दात नसले तरी. कुशी बदला.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये पक्षाघाताच्या १९ युनिटमध्ये नर्सनी तीन गोष्टी नियमाने सांभाळल्या : ताप, साखर आणि गिळणं. २०११ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के, या पद्धतीत ४२ टक्के. महागडं औषध एकही नव्हतं.

अबोली

शुभ्राताई, वाचनखूण साठवली. हे प्रत्येक वॉर्डाच्या दारावर मराठीत लावायला हवं.

निशाचर

मग प्रतिकारशक्ती पडणार हे आधीच माहीत असेल, तर पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक का देत नाहीत? वाट कशाची बघायची?

राईनकाठ

तर्काला धरून आहे, म्हणूनच करून पाहिलं. पक्षाघातावरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१५ मध्ये आले. नेदरलँड्समध्ये अडीच हजारांच्या आसपास रुग्णांपैकी निम्म्यांना चार दिवस सेफ्ट्रियाक्झोन दिलं. तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये गिळायला त्रास असलेल्या बाराशेच्या आसपास रुग्णांत पाहिलं, तिथे न्यूमोनियाही कमी झाला नाही. म्हणून आता सरसकट देत नाहीत. प्रोप्रॅनोलॉलचंही तेच, उंदरांत चमकलं म्हणून वॉर्डात द्यायचं असं होत नाही.

लिम्फोसाइट घटण्यामागे आणखी एक शक्यता मांडली जाते आणि मला ती महत्त्वाची वाटते. मेंदूला इजा झाली की त्याची आतली प्रथिनं रक्तात आणि लसिकाग्रंथींत पोचतात. मायलिनचे तुकडे एरवी लिम्फोसाइटच्या नजरेला फार पडत नाहीत. अशा वेळी अंगात जोरदार दाह चालू असेल तर ते तुकडे शत्रू म्हणून ओळखले जायची भीती असते. मेंदू लिम्फोसाइटना मागे खेचतो ते कदाचित स्वतःला वाचवण्यासाठी. फुप्फुस त्याची किंमत मोजतं. असं असेल तर प्रतिकारशक्ती सरसकट परत उठवणं हाही उपाय नव्हे.

तर्कट

"कदाचित" लिहिलंत म्हणून हरकत नाही.

भूमिपुत्र

मी भंडाऱ्याकडचा, धानवाला. पेशींचं तुम्ही सांगा, मी डासांचं सांगतो. जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स जातीचा डास आमच्या धानाच्या बांधीत, साचलेल्या पाण्यात वाढतो. रोवणी झाली की बांधी महिनोन्महिने भरलेली. विषाणू बगळ्यांत राहतो, डुकरांत भरमसाट वाढतो, तिथून डास माणसाला देतो. माणसाकडून पुढे जात नाही. डास संध्याकाळनंतर चावतो, म्हणून पोरांना तेव्हा अंगभर कपडे आणि रात्री मच्छरदाणी.

जोखमीच्या जिल्ह्यांत लस सरकारी केंद्रात फुकट आहे, पहिला डोस ९ महिन्यांना, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. रोवणीच्या हंगामात बाया-माणसं कामावर असतात आणि दुसरा डोस राहून जातो. भाऊ, तुमच्या पोराला दोन्ही झाले होते का?

वैनगंगा

एकच झाला होता. वहिनी तेव्हा माहेरी होत्या, कार्डावर दुसरी जागा रिकामी आहे. धाकटीचं कार्ड काल तपासलं, तिचे दोन्ही झालेत.

निशाचर

अवांतर : चांदीपुरा विषाणू म्हणतात तो हाच का? गेल्या काही वर्षांत गुजरातच्या बातम्यांत ऐकला होता.

भूमिपुत्र

तो वेगळा. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेला सापडला, म्हणून ते नाव. तो वाळूमाशीने पसरतो, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते ती. फार झपाट्याचा, सकाळी ताप आणि दुसऱ्या दिवशी पोर हाती लागत नाही. २००३ मध्ये आंध्रात ३२९ पोरं आजारी पडली, १८३ गेली. त्यावर लस नाही.

वैनगंगा

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाचा एक धागा अजून मोकळा आहे. रक्तात न्यूट्रोफिलची गर्दी असताना मेंदूच्या पाण्यात नेमके लिम्फोसाइटच कसे पोचले? पडदा फाटला असेल तर जे रक्तात जास्त तेच आत जास्त दिसायला हवं होतं.

राईनकाठ

सर, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. पडदा फाटून रक्त आत गळत असतं तर तुम्ही म्हणता तसंच झालं असतं. पण पेशी आत येतात त्या निवडून. विषाणूने बाधित मेंदू सीएक्ससीएल-१० सारखे रेणू सोडतो, आणि ते ओळखणारा रिसेप्टर मुख्यतः जाग्या झालेल्या टी-पेशींवर असतो. रक्तवाहिनीची आतली भिंत त्याच वेळी व्हीकॅम नावाचे हूक बाहेर काढते, टी-पेशी त्यांना धरतात आणि पेशींच्या मधून आत सरकतात. नॅटॅलिझुमॅब झाकतं ती हीच पकड. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांच्या दाहात) मेंदूची आवरणं वेगळे रेणू सोडतात, तिथे न्यूट्रोफिल आत येतात आणि पाणी गढूळ होतं. पहिल्या एकदोन दिवसांत विषाणूच्या आजारातही पाण्यात न्यूट्रोफिल दिसू शकतात, म्हणून कधी कधी पाणी परत काढून बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांतली. २०१८ मध्ये बॉस्टनच्या गटाला कवटीच्या हाडातली मज्जा आणि मेंदूची आवरणं यांना जोडणारे बारीक मार्ग दिसले. २०२१ मध्ये सेंट लुइसच्या गटाने उंदरांत दाखवलं, की आवरणांतले बरेच मोनोसाइट (आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि न्यूट्रोफिल रक्तातून न येता थेट कवटीच्या मज्जेतून येतात. म्हणजे मेंदूजवळ काय चाललंय ते दंडातून काढलेल्या रक्तात पूर्ण दिसेलच असं नाही. मेंदूज्वरात पाठीतलं पाणी काढायला डॉक्टर आग्रह धरतात तो याचसाठी. लोक उगाच घाबरतात, पाणी काढल्याने लकवा होतो म्हणतात. तसं होत नाही, आणि दाब वाढलेला असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करून ठरवतात.

शुभ्रा

त्या भीतीपायी सही मिळायला अर्धा दिवस जातो. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये तो अर्धा दिवस फार महाग पडतो. तिथे औषधांसोबत स्टेरॉइड लवकर सुरू करावं लागतं. व्हिएतनाममध्ये २००४ मध्ये दिसलं, की डेक्सामेथासोनने मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ वर आले. स्टेरॉइड सुरू केल्यावर काउंट चढतो, आणि नातेवाईक विचारतात की संसर्ग वाढला का. सूक्ष्मदर्शीताईंनी वर लिहिलेलं भिंतीला चिकटलेल्या न्यूट्रोफिलचं मी आता त्यांना सांगेन.

वैनगंगा

आज परत सीबीसी केली. पांढऱ्या पेशी ८,१००, लिम्फोसाइट ३४ टक्के. म्हणजे २,७५४.

सूक्ष्मदर्शी

छान आहे सर. न्यूमोनिया बरा झालेला असेल आणि ताप नसेल तर आता काउंटच्या मागे लागून दर आठवड्याला सुई टोचू नका. बालरोगतज्ज्ञ सांगतील तेव्हाच.

शुभ्रा

झटक्याचं औषध डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवा, मुलगा कितीही बरा दिसला तरी. हाताचे व्यायाम दिवसातून थोडे थोडे, अनेकदा. एकदम तासभर नको. शाळेत सुरुवातीला अर्धा दिवस पाठवा, या आजारानंतर मुलं लवकर दमतात आणि चिडचिडी होतात, त्याला वर्गात रागावू नये असं त्याच्या बाईंना सांगून ठेवा.